प्रेसवरचे दुसरे बटण

पत्रा साच्यात दाबून त्याला आकार देणाऱ्या पॉवर प्रेसला एकाच वेळी दाबायची दोन बटणे एवढ्यासाठीच दिलेली असतात, की स्ट्रोक (प्रेसचा दाब) खाली येताना दोन्ही हात डायबाहेर (साच्याबाहेर) राहावेत; तरीही टार्गेट गाठण्याच्या घाईत एक बटण पाचर मारून दाबलेलेच ठेवून एकाच हाताने काम चालवले जाते. असे दिसल्यास सुपरवायझरने आधी मशीन थांबवावे, पाचर काढावी आणि ती का मारावी लागली, हे ऑपरेटरला शांतपणे विचारावे. अनेकदा बटण गैरसोयीच्या उंचीवर असते, किंवा डायमध्ये अडकलेला नग काढायला चिमटा हाताशी नसतो, आणि हे ओरडून कधीच कळत नाही. ते कारण शक्यतो त्याच पाळीत दूर करावे. पुढच्या दिवसांत तोच ऑपरेटर दोन्ही बटणे वापरताना दिसला, तर तसे त्याला आवर्जून सांगावे.