घरी हिंदी, शाळेत मराठी: मुलाची भाषा-तपासणी कशी करावी

घरी हिंदी बोलणारं मूल मराठी शाळेत गप्प राहत असेल, तर आधी एवढंच शोधायचं: अडचण दोन्ही भाषांत आहे की फक्त मराठीत? फक्त मराठीत असेल, तर ते अजून मराठी शिकतंय.

सुरुवात श्रवणचाचणीने करा. मग पालकांशी अर्धा तास तरी हिंदीतून बोला. पहिला शब्द कधी आला, दोन शब्द जोडून कधी बोललं, भावंडांच्या मानाने उशीर झाला का, मराठी कधीपासून आणि दिवसाला किती तास कानावर पडते, हे विचारा. ‘घरीही असंच बोलतो’ हे पालकांचं वाक्य फार मोलाचं असतं.

चित्रं दाखवून शब्द विचारताना उत्तर कुठल्याही भाषेत आलं तरी गुण द्या. ‘चमचा’ काय, ‘चम्मच’ काय. भाषांतरित इंग्रजी चाचणीला मूळ गुणतक्ते लावू नका. ते वेगळ्याच मुलांवरून ठरलेले असतात.

बिनशब्दांच्या चित्रपुस्तकावरून एक दिवस हिंदीत, दुसऱ्या दिवशी मराठीत गोष्ट सांगायला लावा. दोन्हीकडची शक्यतो ५० वाक्यं रेकॉर्ड करून चुकांसकट उतरवा. सर्वांत जास्त इथेच कळतं. ‘माझा घर’, ‘माझी पुस्तक’ ही हिंदीतली लिंगं आहेत. ‘शाळा’ची ‘शाला’ होते, कारण हिंदीत ळ नाही. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ची गल्लत होते, कारण तिथे दोन्हींना ‘हम’. यातला एकही दोष नव्हे. पण सहा वर्षांचं मूल ‘कुत्रा’ला ‘तुत्रा’ आणि ‘कुत्ता’लाही ‘तुत्ता’ म्हणत असेल, किंवा दोन्हीकडे क्रियापद गाळत असेल, तर पुढची तपासणी हवीच. ‘दोन भाषांमुळे होतंय, येईल हळूहळू’ म्हणून अशा मुलाला परत पाठवणं हाही अन्यायच.

शंका उरली तर शिकवून पाहा. तीन-चार नवे शब्द खेळातून २० मिनिटं शिकवा, दोन दिवसांनी परत विचारा. थोड्या मदतीत पटकन उचलले, तर आजवर संधीच कमी मिळाली असण्याची शक्यता मोठी. जोडीला ‘टिमाको’, ‘बानुदेपी’ असे निरर्थक शब्द मुलाकडून म्हणून घ्या. ते कुठल्याच भाषेतले नसल्याने आधी किती ऐकलंय याचा फरक कमी पडतो. त्यांत ळ नको, दोन्ही भाषांत असलेलेच आवाज हवेत.

तुम्हाला हिंदी येत नसेल तर दुभाषा घ्या, पण आई किंवा मोठी बहीण नको. त्या नकळत उत्तर सुचवतात, चुका सुधारून सांगतात. दुभाष्याला आधीच बजावा: मूल बोललं तसंच सांगायचं.

अहवालात प्रत्येक भाषेतली उदाहरणं स्वतंत्र लिहा आणि ‘घरी हिंदी बंद करा’ असा सल्ला कधीही देऊ नका. आईला जी भाषा सहज येते, तिच्यातूनच ती मुलाशी भरभरून बोलू शकते.