तंबू यादीत शेवटी

भूकंपाने किंवा युद्धाने घर सुटलेल्यांना निवारा द्यायला गट बांधला की पहिल्याच बैठकीत कुणीतरी विचारतं, तंबू किती मागवायचे? तो प्रश्न तूर्त बाजूला ठेवा आणि आधी माणसं कुठे जातील याचा अंदाज बांधा. घर सुटलेली बहुतेक कुटुंबं छावणीत येतच नाहीत. कुणी नातेवाइकांकडे जातं, कुणी भाड्याची खोली बघतं, आणि भूकंपानंतर तर कितीतरी जण पडक्या घराच्या अंगणातच पथारी टाकतात, कारण आत झोपायची हिंमत नसते आणि ढिगाऱ्याखालचं सामान सोडून जायला मन घेत नाही. या सगळ्यांना मदत कशी पोचवायची ते आधी कागदावर उतरवा. ज्यांनी पाहुणे घरात घेतलेत त्यांच्यासाठी अंथरूण-पांघरूण, आडोशाला जाड कापड आणि वाढलेल्या खर्चापुरती रोख रक्कम धरा. भाड्यासाठी पैसे देणार असाल तर मुदत आणि भाडं लिहिलेला साधा करार तयार ठेवा; तोंडी बोलीवर राहिलेल्या कुटुंबाला दुसऱ्या महिन्यात बाहेर काढणं सोपं असतं. शाळेत सोय करायचा विचार असेल तर ती रिकामी कधी करायची आणि माणसं तिथून कुठे जायची, हे आत नेण्याआधी ठरलेलं हवं.

छावणी टाळता येत नसेल तर सगळ्यात जास्त वेळ जागेवर घालवा. मालक कोण, कसणारा कोण, गुरं कुणाची चरतात, हे तिन्ही वेगवेगळे असू शकतात आणि तिघांशीही बोलावं लागतं. परवानगी लेखी घ्या, मुदतीसकट. मग जागा पायी फिरा. जवळच्या झाडांवर, भिंतींवर जुन्या पुराच्या खुणा दिसतात का, पाणी कुठून येतं आणि कुठे तुंबतं, हे शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. नकाशापेक्षा ती जास्त सांगतात. उतार साधारण १ ते ५ टक्के असावा. सपाट मैदान बघायला छान, पण पहिल्या पावसात त्याचं तळं होतं. युद्धामुळे लोक हलले असतील तर सीमा आणि लढाईच्या भागापासून किमान ५० किलोमीटर लांब राहावं, असा संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेचा दंडक आहे. जमिनीत सुरुंग किंवा न फुटलेला दारूगोळा नाही, याची खात्री जाणकाराकडूनच करून घ्या.

किती जागा लागते याचा हिशेब लोक हमखास कमी धरतात. मदतसंस्थांनी १९९७ मध्ये सुरू केलेल्या स्फिअर उपक्रमाची मानकं जगभर वापरली जातात. त्यांनुसार रस्ते, शौचालयं, मोकळी जागा असं सगळं धरून माणशी ४५ चौरस मीटर लागतात. शाळा, दवाखान्यासारख्या सोयी छावणीबाहेर होत असतील तर ३०. पाच माणसांची १०० कुटुंबं म्हटली तर २२,५०० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ साडेपाच एकर. छपराखालची जागा माणशी किमान साडेतीन चौरस मीटर. कडक थंडीत स्वयंपाक-आंघोळ आतच होणार असेल तर साडेचार ते साडेपाच. उंची निदान २ मीटर, उष्ण हवेत २.६. दोन निवाऱ्यांत कमीत कमी २ मीटर अंतर, आणि वस्तीत दर ३०० मीटरला ३० मीटरचा मोकळा पट्टा. हा पट्टा आगीसाठी आहे. गर्दी वाढली की पहिला डोळा त्याच्यावरच जातो, म्हणून तो राखायची जबाबदारी एका माणसावर टाका.

आता ताडपत्री. रेड क्रॉसच्या निवारा किटमध्ये ४ बाय ६ मीटरच्या दोन असतात, सोबत दोर, करवत, हातोडी, फावडं, खिळे आणि बांधायची तार. माझं मत विचाराल तर सुरुवातीच्या दिवसांत हे किट तंबूपेक्षा उपयोगी, कारण ते अंगणातही चालतं, आणि आडोसा उभा करता करता घरातल्यांच्या हाताला काम मिळतं. पण ते वापरून दाखवणारी माणसं आधी तयार करा. दोर नुसता ताडपत्रीच्या काठावरच्या कडीत ओवला की वाऱ्याने कडी कापडासकट फाटते. त्यापेक्षा कोपऱ्यात गुळगुळीत खडा ठेवून त्याभोवती ताडपत्री गुंडाळायची आणि त्या गाठोड्याच्या मानेला दोर आवळायचा. ताण पसरतो, फाटायचं थांबतं. खिळा मारायचा तर डोक्याखाली बाटलीचं झाकण घालावं. मेख निवाऱ्याच्या उलट दिशेला कलती ठोकायची. नायलॉनचा दोर भिजला की ताणला जातो, तेव्हा पावसात तो पुन्हा ओढायला कुणीतरी उठलं पाहिजे. आणि भोवतीचा चर ताडपत्री ताणायच्या दिवशीच खणायचा, आभाळ भरून आल्यावर नव्हे.

बाकी सामान हवामानावर ठरतं. २५ एप्रिल २०१५ ला नेपाळमध्ये भूकंप झाला तेव्हा पावसाळा तोंडावर होता. तिथे ताडपत्रीच्या जोडीला पन्हळी पत्र्यांना महत्त्व आलं, कारण पत्रा पुढे पक्क्या घरालाही लागतो. ६ फेब्रुवारी २०२३ ला तुर्कस्तान आणि सीरियात हादरे बसले ते ऐन थंडीत, आणि वायव्य सीरियातली पुष्कळ कुटुंबं युद्धाने आधीच घराबाहेर पडलेली होती. थंडीत अंगावरच्या ब्लँकेटइतकीच खालची जाड चटई महत्त्वाची, नाहीतर ऊब जमिनीत जाते. शेगडी तंबूत नको. आगीचं भय तर आहेच, पण बंद जागेतला कार्बन मोनॉक्साइड वासही न येता झोपेत मारतो. चूल बाहेर, तिला वेगळं छप्पर, जवळ वाळूच्या बादल्या.

पाणी माणशी रोज १५ लिटर, नळ ५०० मीटरच्या आत. शौचालय २० माणसांमागे एक, राहत्या जागेपासून ५० मीटरच्या आत, बायकांचं वेगळं. त्याला आतून कडी आणि वाटेवर दिवा हवाच. कडी स्वस्त असते आणि तीच राहून जाते. जागा ठरवताना बायकांना, म्हाताऱ्यांना, चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला विचारा. पुरुषांच्या बैठकीत ही उत्तरं मिळत नाहीत.

नोंदणीची वही हलक्यात घेऊ नका. लढाईतून पळालेल्यांची नावं आणि मूळ गावं चुकीच्या हाती पडली तर जिवावर बेततं. लागेल तेवढंच लिहा, वही कुलपात ठेवा, फोटो काढायला मनाई करा. एकटं आलेलं मूल, ‘मी त्याचा काका’ म्हणणाऱ्याच्या हाती शहानिशा झाल्याशिवाय देऊ नका. त्यासाठी बालसंरक्षणाचं काम करणारी माणसं पहिल्या दिवसापासून सोबत हवीत.

एवढं झाल्यावर तंबू मोजा. निर्वासित संस्थेचा नेहमीचा कौटुंबिक तंबू पाच जणांचा असतो, आतली मुख्य जागा १६ चौरस मीटर; कुटुंब मोठं असेल तर सरळ दोन द्या. उन्हापावसात तो साधारण वर्षभर तग धरतो, आणि लोक त्याहून जास्त काळ राहतात. तेव्हा पहिल्याच खरेदीत शिवायच्या सुया, जाड दोरा, ठिगळाचं कापड आणि जास्तीच्या मेखा घ्या, आणि दुसऱ्या वर्षाच्या ताडपत्र्यांचे पैसे आत्ताच वेगळे काढून ठेवा.