युद्धात कोसळलेली वास्तू पुन्हा उभारताना या चुका टाळा

बॉम्बवर्षाव थांबला, आग विझली आणि नगरभवनाच्या चारही भिंती उभ्या दिसल्या की सगळ्यांना हायसे वाटते. पहिली चूक इथेच होते. जर्मनीतल्या ड्रेस्डेनचे फ्राउएनकिर्शे हे चर्च १३ फेब्रुवारी १९४५ च्या रात्री सुरू झालेल्या हल्ल्यांनंतरही उभे होते. १५ तारखेला सकाळी ते खाली बसले. आगीने वाळूखडकाचे खांब इतके तापले होते की घुमटाचा हजारो टनांचा भार त्यांना पेलवेना.

तेव्हा भिंत उभी आहे यावर जाऊ नका, दगड बघा. पिवळसर दगड लालसर झाला असेल तर त्याने अडीचशे-तीनशे अंश सेल्सिअसची धग सोसली आहे. ५७३ अंशांच्या आसपास त्यातले क्वार्ट्झ हे खनिज एकदम फुगते आणि चिरा आतून तडकतो. हातोडीने हलकेच वाजवा. खणखणीत नाद आला तर बरे. बद्द आवाज आला तर त्या चिऱ्यावर भार देऊ नका. नुसत्या कानावर मात्र विसंबू नका, गाभ्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्या.

दुसरी चूक याहून महागात पडते. रस्ता मोकळा करण्याच्या घाईत राडारोडा ट्रकमधून गावाबाहेर जातो आणि त्याच्याबरोबर निम्मा आराखडाही जातो. ड्रेस्डेनमध्ये ढिगारा जवळजवळ अर्धशतक जागेवरच राहिला. १९९३ पासून तो उपसताना कामाचा चिरा कुठे सापडला याची नोंद झाली, त्याला क्रमांक मिळाला. पडल्याची जागा आणि चिऱ्याची घडण यांवरून तो मुळात कुठे बसवलेला होता, याचा माग काढता आला. हजारो जुने चिरे असे भिंतीत परतले आणि २००५ मध्ये चर्च पुन्हा खुले झाले.

एवढी सवड कोणाला नसते, मान्य. निदान ढिगाऱ्यावर दोरीने चौकोन आखा आणि चौकोनाचा क्रमांक चिऱ्याच्या झाकल्या जाणाऱ्या बाजूवर रंगाने लिहा. त्याआधी न फुटलेले बॉम्ब शोधणारे पथक येऊन गेलेले असले पाहिजे, हे वेगळे सांगायला नको.

पण जुना दगड म्हणून तो वापरलाच पाहिजे, हा हट्टही नको. बोस्नियातल्या मोस्तारचा १९९३ मध्ये पाडलेला पूल पुन्हा बांधताना नेरेत्वा नदीतून मूळ दगड बाहेर काढले होते. ते भार घेण्याजोगे उरले नव्हते, म्हणून नवे घडवले.

चित्रावर आंधळा विश्वास ठेवणे ही आणखी एक चूक. दुसऱ्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या पोलंडमधल्या वॉर्साच्या उभारणीत बेलोत्तो या चित्रकाराच्या अठराव्या शतकातल्या चित्रांचा उपयोग झाला, हे सगळे सांगतात. पण चित्रकार मनाने चार गोष्टी बदलतो, बेलोत्तोनेही बदलल्या. खरा आधार मोजणीच्या नकाशांचा. वॉर्साच्या पॉलिटेक्निकमधली अशी रेखाटने प्योत्रकूव गावच्या मठात लपवून वाचवली गेली. ज्या भागाचे माप, फोटो, तुकडा काहीच नाही तिथे नक्षी कल्पनेने रचू नका. म्युनिकच्या आल्टे पिनाकोथेक या कलासंग्रहालयात वास्तुविशारद हान्स ड्यॉलगास्ट यांनी भगदाडे साध्या विटांनी बुजवली आणि जखम दिसू दिली. माझ्या मते हा सर्वांत प्रामाणिक उपाय आहे, दिसायला कितीही ओबडधोबड असला तरी.

काम झाल्यावर दोन-तीन पावसाळ्यांत भिंतीला पांढरा लोणा आला, दगडाच्या ढलप्या निघू लागल्या, तर बहुधा दोष सिमेंटचा. जुन्या भिंतीतला चुना ओल बाहेर सोडतो. सिमेंटने भरलेल्या दरजा, म्हणजे चिऱ्यांमधले सांधे, ती अडवतात. मग आग विझवताना मुरलेले पाणी क्षारांसकट दगडातूनच वाट काढते. अशा दरजा हातछिन्नीने खरवडा, भिंत नीट सुकू द्या आणि चुन्याने पुन्हा भरा. चुन्याला सवड लागते. उद्घाटनाची तारीख आधी ठरली की गवंडी सिमेंटकडे वळलाच म्हणून समजा. अशा कामाला किती वेळ लागू शकतो पाहा: पहिल्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या बेल्जियममधल्या ईपरच्या क्लॉथ हॉलचे, म्हणजे जुन्या कापडबाजाराच्या इमारतीचे, काम १९६७ पर्यंत चालले होते.