ड्राइव्ह बेल्टच्या टेन्शनरची झिजलेली पुली बदलताना

एप्रिल-मे महिन्यांत जळगाव, भुसावळ, धुळे या पट्ट्यात पारा ४४-४५ अंशांच्या घरात जातो आणि गाडी सुरू असेपर्यंत तिचा एसीही सुरूच असतो. एसीचा कॉम्प्रेसर, ऑल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारे जनित्र) आणि अनेक गाड्यांमध्ये पाण्याचा पंपही एकाच ड्राइव्ह बेल्टवर फिरत असल्यामुळे, त्या बेल्टला ताणून धरणाऱ्या टेन्शनरच्या पुलीवर या दिवसांत ताण अधिक येतो. पुलीच्या पोटात सीलबंद बेअरिंग असते. उष्णतेने सीलचे रबर कडक होऊन त्याची पकड सुटते, शेतरस्त्यांवरची काळ्या मातीची बारीक धूळ आत शिरते आणि ग्रीस कोरडे पडून गोळ्या खरखरू लागतात. पुढे बेअरिंग जाम झाले तर बेल्ट जळतो किंवा उतरतो, बॅटरीचा लाल दिवा लागतो, आणि पंप त्याच बेल्टवर असेल तर इंजिन काही मिनिटांत तापते. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना असे घडले, तर गाडी जागच्या जागी थांबवण्यावाचून इलाज राहत नाही.

आवाज आला की लगेच नवा बेल्ट टाकण्याची आपल्याकडे घाई होते, परंतु दोष नेमका कुठे आहे हे आधी ठरवले पाहिजे. गाडी सुरू करताना किंवा एसी लावताक्षणी येणारा आणि थोड्या वेळात थांबणारा चिरका आवाज बहुधा बेल्ट घसरल्याचा असतो. इंजिनाच्या वेगाबरोबर चढत जाणारी अखंड घरघर मात्र बेअरिंगकडे बोट दाखवते. खात्रीची तपासणी बेल्ट काढल्यावरच होते. आवाज बंद करण्यासाठी पुलीवर तेल किंवा स्प्रे कधीही मारू नये, कारण त्याने बेअरिंगमधले उरलेसुरले ग्रीस धुऊन जाते आणि बेल्टचे रबरही खराब होते.

काम इंजिन पूर्ण थंड झाल्यावर, शक्यतो सकाळी, सावलीत करावे. उन्हासाठी गळ्यात गुंडाळलेला रुमाल किंवा ओढणी आधी काढून ठेवावी, किल्ली काढून घ्यावी आणि बॅटरीचे ऋण टोक सोडावे. बेल्ट कोणत्या पुलीच्या वरून व कोणत्या पुलीच्या खालून जातो, याचा मोबाइलवर स्पष्ट फोटो घ्यावा. बॉनेटखाली मार्गाची आकृती चिकटवलेली असली तरी हा फोटो उपयोगी पडतो. तोच बेल्ट परत लावायचा असेल, तर त्याच्या फिरण्याच्या दिशेचा बाण खडूने काढून ठेवावा.

टेन्शनरच्या दांड्यावर पाना बसवण्यासाठी षटकोनी उठाव किंवा चौकोनी खाच असते. तिथे लांब दांड्याचा पाना बसवून दांडा स्प्रिंगच्या जोराविरुद्ध सावकाश फिरवला की बेल्ट सैल होतो आणि एखाद्या गुळगुळीत पुलीवरून सरकवून काढता येतो. स्प्रिंग फार जोरकस असते, त्यामुळे पाना निसटल्यास बोटे सापडतील अशा जागी हात ठेवू नये. काही टेन्शनरना दांडा अडकवून ठेवण्यासाठी छिद्र असते. त्यात योग्य जाडीची पिन घालावी, नसेल तर दांडा हळूहळू मागे सोडावा.

आता पुली हाताने फिरवून पाहावी. चांगली पुली निःशब्द, किंचित जड हाताने फिरते. खरखर, अडखळणे, आडवी डुगडुग किंवा एका धक्क्यात बराच वेळ मोकळे फिरत राहणे ही ग्रीस संपल्याची किंवा बेअरिंग झिजल्याची लक्षणे आहेत. बेल्ट निघालाच आहे, तर आयडलर पुली (बेल्टला फक्त वळण देणारी मोकळी पुली), ऑल्टरनेटर आणि पाण्याचा पंप यांचीही अशीच चाचणी करावी, कारण पुष्कळदा ज्या पुलीवर संशय असतो ती चांगली निघते आणि दोष शेजारच्या पुलीत असतो. टेन्शनरचा दांडा मुळाशी हलत असेल किंवा स्प्रिंग मंद झाली असेल, तर नुसती पुली बदलून भागत नाही. संपूर्ण टेन्शनर बदलावा. स्प्रिंगचे कवच स्वतः उघडू नये.

पुलीच्या मधल्या बोल्टवर धूळटोपी असल्यास ती काढून बोल्ट सोडवावा. काही गाड्यांत या बोल्टचे आटे उलटे असतात. नेहमीच्या दिशेने जोर लावूनही तो हलत नसेल, तर आणखी बळ न लावता गाडीच्या सर्व्हिस पुस्तिकेत खात्री करावी. मागचा वॉशर, स्पेसर (मधले अंतर राखणारे कडे) आणि धूळ-तबकडी ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने ठेवावीत, कारण स्पेसर राहून गेला तर पुली रेषेबाहेर जाते आणि नवा बेल्टही कडेने झिजतो. काही टेन्शनरवर पुली रिव्हेटने कायमची बसवलेली असते. तिथेही पूर्ण टेन्शनरच घ्यावा लागतो.

दुकानात जाताना जुनी पुली सोबत न्यावी. व्यास, रुंदी, मधले छिद्र आणि पृष्ठभाग, म्हणजे गुळगुळीत की खोबणीचा, हे सर्व तंतोतंत जुळले पाहिजे. केवळ बेअरिंग बदलून घेण्याचा स्वस्त मार्गही आहे: ६२०३ क्रमांकाचे बेअरिंग असेल, तर त्याचे आतील छिद्र १७, बाहेरील व्यास ४० आणि रुंदी १२ मिलिमीटर असते आणि ते सहज मिळते. मात्र हा मार्ग पत्र्याच्या, निर्दोष पुलीपुरताच आणि प्रेसवर बसवून मिळणार असेल तरच पत्करावा. प्लास्टिकच्या पुलीची बेअरिंगभोवतीची कड उष्णतेने ठिसूळ झालेली असते. तिच्यात नवे बेअरिंग ठोकून बसवणे मला धोक्याचे वाटते.

नवी पुली बसवताना बोल्ट आधी हातानेच आट्यांत फिरवावा आणि मग टॉर्क पान्याने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) पुस्तिकेत दिलेल्या मापापर्यंत आवळावा. ॲल्युमिनियममधले आटे जादा जोराने निघून येतात. बेल्टला भेगा, चकाकी किंवा तेलाचे डाग असतील किंवा त्याच्या खोबणी खोल झिजल्या असतील, तर तोही याच वेळी बदलावा. बेल्ट फोटोप्रमाणे फिरवून, प्रत्येक धार आपापल्या खोबणीत बसल्याची बोटाने चाचपणी करून, शेवटी टेन्शनर सोडावा. पिन लावली असेल तर ती काढल्याची खात्री करावी.

बॅटरी जोडून इंजिन दोन मिनिटे मंद चालवावे, मग एसी लावावा आणि दुरूनच पाहावे की पुली डगमगत नाही, दांडा धडधडत नाही आणि बेल्ट मधोमध धावतो. आठवडाभर गाडी चालवल्यानंतर इंजिन थंड असताना बेल्टच्या कडा पुन्हा तपासाव्यात. पुढे गाडी धुताना प्रेशरच्या पाण्याचा फवारा या पुलीवर थेट मारू देऊ नये. सीलच्या आत पाणी गेले की नवे बेअरिंगही लवकर खराब होते.