टेलिकॉमच्या मुलाखतीला निघालात? आधी या चुका टाळा

जळगाव, धुळे, नंदुरबारकडची डिप्लोमा-आयटीआयची पोरं मोठ्या टेलिकॉम कंपनीच्या मुलाखतीला जातात आणि ठरलेल्याच ठिकाणी आपटतात. फायबरच्या, म्हणजे प्रकाशातून सिग्नल नेणाऱ्या काचेच्या केबलच्या कामात असल्यामुळे मुलाखत घेणाऱ्यांच्या शेजारच्या खुर्चीवर मला अधूनमधून बसवतात. तेच तेच ऐकून कान किटले, म्हणून लिहायला घेतलं.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे न केलेलं काम बायोडेटात लिहिणं. अमळनेरकडचा एक मुलगा आला होता. बायोडेटात ठळक अक्षरात ‘स्प्लायसिंग आणि ओटीडीआर एक्स्पर्ट’, म्हणजे फायबर जोडण्यात आणि लाइनमधला लॉस-बिघाड शोधणाऱ्या यंत्रात पटाईत. पुण्याहून आलेल्या साहेबांनी साधा प्रश्न टाकला, “१५५० नॅनोमीटरला किलोमीटरमागे लॉस किती धरतोस?”

“दोन डीबी, सर.” अगदी छातीठोक.

“जळगाव-भुसावळ २५ किलोमीटर धर. किती झाले?”

“पन्नास.”

“मग भुसावळला फायबरमधला प्रकाश पोचेल?”

पोरगा गप्प. लॉस म्हणजे वाटेत प्रकाश किती कमी होतो ते, डीबीत मोजतात; १५५० नॅनोमीटर ही त्या प्रकाशाची तरंगलांबी. खरा आकडा किलोमीटरला ०.२ डीबीच्या आसपास, म्हणजे तेवढ्या अंतराला पाचेक डीबी, वर जॉइंट आणि कनेक्टरचं थोडंफार. ५० डीबी गेले तर पॉवरचा लाखावा हिस्सा हातात राहतो!

साहेबांनी मग विचारलं, प्रत्यक्षात काय केलंस? तेव्हा कळलं की त्याने एका ठेकेदाराकडे डक्ट, म्हणजे केबलची पाइप टाकली होती, केबल ओढली होती. स्प्लायसिंगवाल्याच्या शेजारी बसून स्लीव्ह (जॉइंट जपणारी नळी) घालायची, कोटिंग काढायचं, फायबर अल्कोहोलने पुसून द्यायची, हेही केलं होतं. अरे बाबा, हेच लिही ना! पुसायचा आळस केला की जॉइंटचा लॉस वाढतो, हे ज्याला हाताने कळलंय असा माणूस आम्हाला हवाच असतो. पण तोवर त्याच्या कागदावरचा भरवसा उडाला होता. दोन व्हिडिओ बघून ‘एक्स्पर्ट’ होण्याची ही घाई कुठून येते, देव जाणे. माझ्याकडे कोणी बायोडेटा दाखवायला आलं की प्रत्येक कामापुढे पेन्सिलीने साइटचं गाव लिहायला सांगतो. गाव सुचलं नाही की ती ओळ खोडायची.

दुसरी चूक पोटाला चिमटा काढणारी आहे. मुलाखत मोठ्या कंपनीच्या ऑफिसात होते, भिंतीवर तिचाच बोर्ड असतो, पण ऑफर लेटर येतं भलत्याच मॅनपॉवर एजन्सीचं. त्याला ऑफ-रोल म्हणतात. ऑफ-रोल वाईटच असतं असं नाही, कित्येकांची सुरुवात तिथूनच होते. पण गावभर पेढे वाटल्यावर ते कळणं वाईट. ‘नेटवर्क’साठी म्हणून गेलेल्या पोरांना ब्रॉडबँड विकायला दारोदार फिरताना मी धुळ्यात पाहिलंय. म्हणून शेवटी “काही विचारायचंय?” असं आलं की लाजू नका. पगार कोणाच्या खात्यातून येणार, पीएफ कोण भरणार, काम मेंटेनन्सचं की सेल्सचं, टार्गेट आहे का, गाडी स्वतःची तर पेट्रोलचं काय? आपली पोरं “पगार कितला शे?” एवढं मित्राला विचारतात आणि साहेबांपुढे मान डोलवून येतात.

आता बारीकसारीक. मोबाइल सिग्नलची ताकद डीबीएममध्ये मोजतात. उणे ९० डीबीएम सिग्नल चांगला की उणे ११०? निम्मे जण ११० म्हणतात, आकडा मोठा दिसतो ना. उणे आहे, ९०च चांगला. आपलं सर्कल (टेलिकॉम सेवेचा विभाग) विचारलं तर मुंबई सांगू नका. मुंबईचं वेगळं, आपण महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये. टॉवरवरचं सामान उणे ४८ व्होल्ट डीसीवर चालतं, एवढं तरी तोंडपाठ हवं. ‘मायसेल्फ अमुकतमुक’ची पाठ केलेली इंग्रजी टेप नको. साहेब बहुतेक वेळा हिंदीतच बोलतात, तुम्हीही सरळ हिंदीत बोला. व्हिडिओ मुलाखत असेल तर गावातल्या लाइटच्या भरवशावर राहू नका, फोन आदल्या रात्रीच चार्ज करा. आणि सिलेक्शनसाठी ‘सिक्युरिटी डिपॉझिट’ मागणारा फोन आला तर तो फसवणुकीचाच, तिथेच ठेवून द्या.

एक राहिलंच. “कुठेही जाईन सर” म्हणायची फार हौस असते. मग पोस्टिंग धडगावला लागतं, पावसाळ्यात रात्री साइट डाऊन होते, म्हणजे टॉवर बंद पडतो, बॅटरी उतरलेली, डीजी (डिझेल जनरेटर) सुरू होत नाही, आणि सातपुड्यातल्या घाटातून एकट्याने बाइकवर जायचं असतं. महिन्याभरात गडी घरी. जायची तयारी नसेल तर मुलाखतीतच तसं सांगा आणि जवळची साइट मागा. एकदा सही झाली की बदलीसाठी एचआरला किती का फोन करा, ते उचलत नाहीत.