थांबण्याचा प्रश्न शिकवण्याआधी प्रोलॉग हाती द्यावे

दिलेला प्रोग्राम कधीतरी थांबेल की कायम चालत राहील, हे प्रत्येक वेळी ठरवणारी एकच रीत असू शकते का, हा संगणनाच्या सिद्धांतातील थांबण्याचा प्रश्न. अशी रीत असू शकत नाही, ही त्याची सिद्धता फळ्यावर मांडण्याआधी, न थांबणारा प्रोग्राम विद्यार्थ्यांना स्वतः लिहू द्यावा. १९७२ साली मार्सेय येथे आकाराला आलेली, तथ्ये आणि नियम देऊन प्रश्न विचारण्याची प्रोलॉग ही प्रोग्रामिंग भाषा त्यासाठी मला सर्वांत योग्य वाटते. कोल्हापुरातील वर्गात मी मिरजेचा लोहमार्ग घेतो. लहान स्थानके वगळून कोल्हापूर ते रुकडी, रुकडी ते हातकणंगले, तेथून जयसिंगपूर आणि पुढे मिरज अशा चार जोडण्या नोंदवाव्यात. मग दोन नियम द्यावेत: थेट जोडणी असल्यास पोहोचता येते, किंवा आधी एक जोडणी पार करून पुढच्या स्थानकावरून पोहोचता येत असल्यास पोहोचता येते. कोल्हापूरहून मिरज विचारताच होकार मिळतो.

आता दुसऱ्या नियमातील अटींची अदलाबदल करून तो नियम पहिला ठेवावा. तर्काच्या दृष्टीने अर्थ तसूभरही बदलत नाही, तरी उत्तर न येता मेमरी संपते; कारण प्रोलॉग नियम वरून खाली आणि अटी डावीकडून उजवीकडे तपासते, आणि आता तो नियम सर्वांत आधी स्वतःलाच पुन्हा विचारत राहतो. येथे घाई करू नये. शोधाचा वृक्ष, म्हणजे प्रोलॉग कशानंतर काय तपासते याची फांद्यांची आकृती, वहीत पेन्सिलीने काढायला लावावा. सर्वांत डावी फांदी वहीच्या पानाखाली उतरतच राहते, हे मुलांना स्वतःला दिसले पाहिजे. त्यानंतरच गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांची १९३६ सालची सिद्धता घ्यावी.