गल्लीचं अनियतकालिक झेरॉक्सवर कसं काढायचं (आणि पानं उलटी कशी छापायची नाहीत)

पहिलं म्हणजे लोगो काढायला बसू नका. इन्स्टाचं पेज नको, नावावरून तीन आठवडे भांडण नको, संपादक मंडळ तर नकोच नको. मी पुण्यात आमच्या पेठेतल्या चार गल्ल्यांसाठी झेरॉक्सवर अंक काढतो, आत्तापर्यंत ११ झाले, आणि दर वेळी कुणीतरी नवीन उत्साही पोरगं येऊन विचारतं की आपली ‘व्हिजन’ काय. १६ पानं, ए फोरचे ४ कागद, मधे २ पिना. ही व्हिजन.

हल्ली याला झाइन म्हणतात. म्हणा. पण आपल्याकडे हे काही कुठून आयात केलेलं नाही, शाळेतलं हस्तलिखित आठवा, आणि अरुण कोलटकर, दिलीप चित्रे या कवी मंडळींचं ‘शब्द’, मग १९६३ साली अशोक शहाण्यांचं ‘असो’, अशी लघुनियतकालिकांची रांगच लागली होती. त्यांना अनियतकालिकंही म्हणतात आणि मला हा शब्द जास्त प्रामाणिक वाटतो, कारण पुढचा अंक कधी येणार हे काढणाऱ्यालाही माहीत नसतं. तेव्हा सायक्लोस्टाइल होतं, म्हणजे स्टेन्सिल कापून शाईने प्रती काढायच्या, आता गल्लीच्या तोंडाशी झेरॉक्स आहे, एवढाच फरक.

मजकूर

ग्रुपवर आवाहन टाकू नका. १८ अंगठे येतात, ४ हात जोडलेले येतात, मजकूर एकही येत नाही. वही घेऊन माणसाच्या घरी किंवा दुकानात जाऊन बसा. आमच्या कोपऱ्यावरचे इस्त्रीवाले काका ‘मला कुठं लिहिता येतंय’ म्हणत दोन अंक टाळत होते, तिसऱ्या वेळी मी स्टुलावर बसलो आणि ते इस्त्री फिरवता फिरवता बोलत गेले, कोणाच्या शर्टाची कॉलर कशी झिजते त्यावरून तो माणूस सायकल चालवतो की स्कूटर हे कळतं म्हणाले, मी तसंच्या तसं उतरवून घेतलं, वाचून दाखवलं, त्यांनी एक शब्द बदलायला लावला. त्या अंकातलं सगळ्यात वाचलं गेलेलं पान तेच.

भाषा ‘सुधारू’ नका. कुणी ‘व्हतं’ म्हणालं असेल तर ‘व्हतं’च छापा. वेलांटी-उकाराच्या चुका काढा, माणूस काढू नका. आणि मजकूर द्यायची तारीख खरी सांगू नका, १५ला हवं असेल तर ५ सांगा.

टायपिंग युनिकोडमध्येच. डीटीपीवाल्याकडे जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून घेतलं की पुढे ते कुठेही उघडायला गेलं की अक्षरांची खिचडी होते. ए फाइव्हच्या एका पानावर वाचता येईल अशा अक्षरात सव्वादोनशे-अडीचशे शब्द बसतात, त्यापेक्षा कोंबू नका, आपले निम्मे वाचक चष्म्यावाले आहेत.

पानांची जुळणी, म्हणजे खरी मारामारी

इथे मी सावकाश सांगणार आहे कारण इथेच मी तोंडावर आपटलोय, आणि नेटवरचे व्हिडिओ इथेच ‘नाऊ जस्ट प्रिंट इट’ म्हणून पुढे पळतात.

आमचा पहिला अंक. १०० प्रती. मी कॉम्प्युटरवर १, २, ३ अशी सरळ पानं लावली, दोन-दोन पानं एका कागदावर घेतली, दुकानात दिलं, म्हटलं बॅक टू बॅक मारा. घरी आणून घडी घातली तर पहिल्या पानानंतर थेट चौथं, आणि मागच्या बाजूचं सगळंच्या सगळं उलटं, शीर्षासन केल्यासारखं. शेजारच्या आजींची पानशेतच्या पुराची आठवण, १९६१ची, ‘पाणी जिन्याच्या सातव्या पायरीला लागलं आणि’ इथे तुटली आणि समोरच्या पानावर ‘दोन चमचे तेल गरम करून मोहरी तडतडू द्या’. आजींनी वाचलं. काही बोलल्या नाहीत, चहा विचारला नाही एवढंच. ४०० कागद रद्दीत गेले आणि ते पैसे माझ्या खिशातले होते.

तर नीट समजून घ्या. एक ए फोर कागद आडवा धरून मधोमध घडी घातली की त्याची ४ पानं होतात. म्हणून अंकाची पानं ४च्या पटीतच, ८, १२, १६, २०. १३ पानांचा मजकूर झाला तर १६ करा, उरलेल्या ३ पानांत चित्र टाका, शब्दकोडं टाका, एक पान कोरं ठेवून वर ‘इथे भाजीचा हिशेब लिहा’ असं छापा, आम्ही छापलंय आणि लोकांनी लिहिलाय.

आता कॉम्प्युटर बंद करा. घरातले ४ रद्दी कागद घ्या, एकात एक घालून घडी घाला आणि वहीसारखं धरून पेन्सिलने पहिल्या पानापासून १ ते १६ आकडे टाका. ही तुमची डमी. मग ती उसवून एकेक कागद सपाट करून बघा. सगळ्यात बाहेरच्या कागदावर वरच्या बाजूला डावीकडे १६ आणि उजवीकडे १ दिसेल, त्याच्या पाठीवर डावीकडे २ आणि उजवीकडे १५. त्याच्या आतल्यावर १४ आणि ३, पाठीवर ४ आणि १३. मग १२ आणि ५, पाठीवर ६ आणि ११. सगळ्यात आतल्यावर १० आणि ७, पाठीवर ८ आणि ९.

बघा काय होतंय. प्रत्येक जोडीची बेरीज १७. म्हणजे एकूण पानं अधिक एक. २० पानी अंक असेल तर बेरीज २१ यायला पाहिजे. आणि सम आकडा कायम डावीकडे, विषम कायम उजवीकडे. या दोन गोष्टी वहीच्या मागे लिहून ठेवा आणि मास्टर, म्हणजे ज्यावरून झेरॉक्स काढायचं तो मूळ संच, तयार झाला की त्याची प्रत्येक बाजू यावर तपासा. बेरीज चुकली तर पान चुकलं, वाद घालायचा नाही.

‘पण पीडीएफच्या प्रिंटमध्ये बुकलेट म्हणून ऑप्शन असतो की, तो सगळं आपोआप करतो.’ असतो. करतो. मला हे दर वेळी कुणीतरी विजयी चेहऱ्याने सांगतं. फक्त एक लक्षात ठेवा, एकतर तुम्ही जुळवा नाहीतर त्याला जुळवू द्या, दोघांनी मिळून नाही. चौथ्या अंकाला मी पानं हाताने लावून पीडीएफ दिली, दुकानातल्या पोराने चांगल्या मनाने वरून बुकलेट लावलं, आणि जे काय बाहेर आलं ते कुठल्याही क्रमाने वाचलं तरी सारखंच कळत नव्हतं. म्हणून आता मी फाइलच्या नावातच लिहितो, ‘जुळवलेली आहे बुकलेट लावू नये’. तुमच्या अंकात हाताने काढलेली चित्रं, कात्रणं, हस्ताक्षर असेल तर माझं मत विचाराल तर सरळ कागदावर चिकटवून मास्टर करा, डमी शेजारी ठेवून. ती गंमत स्क्रीनवर येत नाही.

पानं उलटी येतात त्याचं कारण वेगळं. मशीन दुसरी बाजू छापताना कागद लांब कडेवरून पलटायचा की आखूड कडेवरून, हे सांगावं लागतं. आपल्या नेहमीच्या उभ्या कागदाला लांब कड चालते आणि मशीनला तीच सवय असते. आपला कागद आडवा, मधे घडी, त्यामुळे आखूड कड. दुकानात ‘शॉर्ट एज’ म्हणायचं. ‘हो हो माहितीये’ असं उत्तर येईल. विश्वास ठेवू नका. पैसे देऊन एकच प्रत काढून घ्या, तिथेच काउंटरवर घडी घाला, १ ते १६ सगळी पानं उलटून बघा, मागची गर्दी ओरडू दे, मगच १०० म्हणा. हे एक वाक्य मला कुणी पहिल्याच वेळी सांगितलं असतं तर आजींशी माझे संबंध बरे असते.

बाकीच्या काही खोडी याच टप्प्यातल्या. बाहेरून १ सेंटिमीटर समास सोडा, मशीन अगदी कडेपर्यंत छापत नाही, आणि घडीच्या बाजूला दीड सेंटिमीटर, नाहीतर ओळीची शेपटं पिनेत जातात. चिकटवायला फेविकॉल नको, कागद पापडासारखा फुगतो, ग्लूस्टिक घ्या. चिकटवलेल्या तुकड्याच्या कडेची काळी रेघ झेरॉक्समध्ये उमटते, तिच्यावर व्हाइटनर फिरवा. पेन्सिलची चित्रं फिकी येतात म्हणून काळ्या पेनाने गिरवून घ्या, पण ज्याचं चित्र त्याच्याकडूनच. फोटो घेऊ नका. अगदीच घ्यावा लागला तर काळ्या केसांचा माणूस काळ्या दाराशी उभा नसावा एवढं बघा, मागच्या वर्षीच्या गणपतीचे सगळे कार्यकर्ते आमच्या अंकात नुसते दात म्हणून आलेत.

छपाई

आतला कागद साधा ७५ जीएसएम (कागदाच्या वजनाचं माप, दुकानात कळतं), मुखपृष्ठ वेगळं हवं असेल तर रंगीत कार्डशीट, अप्पा बळवंत चौकात मिळते. कार्डशीट घेतलीत तर ते कव्हर वरून, १६ पानांत धरायचं नाही. दर मी सांगत नाही, १०० प्रतींचे ८०० साइड होतात हे सांगून भाव करा आणि परीक्षेच्या हंगामात जाऊ नका.

जमवणं आणि पिना

४ गठ्ठे जमिनीवर रांगेत, पंखा बंद. हो, मे महिन्यातही बंद. एकेक उचलत चालायचं, पोरांना लावा, ती हे आनंदाने करतात. घडीवरून स्टीलच्या चमच्याची पाठ ओढली की कडक बसते. पिना बाहेरून आत मारायच्या, टोकं मधल्या पानात. लांब हाताचा स्टेपलर नसेल तर साधा स्टेपलर पूर्ण उघडा, अंक उघडून थर्माकोलवर पालथा, मुखपृष्ठ वर येईल असा ठेवून पिना ठोका, उचलून टोकं चमच्याने दुमडा. १०० प्रतींना दीड तास.

वाटणं

सलून. मी सगळं करून बघितलंय, सलूनसारखी जागा नाही. माणूस रांगेत असतो, मोबाइलची बॅटरी गेलेली असते, अंक तिथे दोन महिने हातोहात फिरतो. मग चहाची टपरी, वाचनालय, गिरणी. किंमत छापू नका, शेजारी डबा ठेवा, आमचा खर्च बहुतेक वेळा निघतो आणि न निघालेला आपण सोसायचा. दिवाळीत मात्र अंक काढायला जाऊ नका. १९०९ साली ‘मनोरंजन’ने दिवाळी अंकाची प्रथा पाडली तेव्हापासून त्या महिन्यात मराठी माणसाच्या टीपॉयवर जागाच नसते. आम्ही श्रावणात काढतो, पाऊस असतो, लोक घरी असतात.

आणि ज्यांना ‘सीन’मध्ये शिरायचंय, म्हणजे गच्चीवरची अभिवाचनं, कुणाच्या हॉलमधलं नाटक, मुंबईतले झाइनचे मेळे, त्यांच्यासाठी. लोक आपला अंक घेऊन जातात आणि कुणी ओळख करून देईल म्हणून कोपऱ्यात उभे राहतात. तसं होत नाही. लवकर जा, सतरंज्या घाला, शेवटी सतरंज्या उचला, चहाचे कप गोळा करा. तिसऱ्या वेळी तुम्हाला कुणीतरी स्वतःहून विचारतं तुम्ही काय करता, तेव्हा पिशवीतून अंक काढायचा. विकायचा नाही, बदलायचा, तुझा मला माझा तुला. माझ्याकडे अशा अदलाबदलीतून आलेले दोन खोके भरलेत, त्यातल्या एकाच्या मुखपृष्ठावर प्रत्येक प्रतीला वेगळं बसचं तिकीट चिकटवलंय, १०० तिकिटं जमवली त्या पोरीने, कंडक्टरशी मैत्री करून. तीच पुढे आमच्या सहाव्या अंकाला चित्रं द्यायला आली.

अंक झाला की मास्टर आणि डमी एका पाकिटात घालून वर तारीख टाकून ठेवा. तिसऱ्या अंकाचं शेवटचं पान झेरॉक्सच्या काचेवरच राहिलं, मी दोन दिवसांनी गेलो तोवर त्याच्या पाठीवर कुणाच्यातरी रेशनकार्डाची कॉपी निघाली होती. लोक अजून तो अंक मागतात. १५ पानंच देतो.